सुईकाकूंची सही

सुईकाकूंना चहा करता येत नाही, अशी आमच्या संस्थेत बावीस वर्षं सगळ्यांची पक्की समजूत होती. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तेव्हाचे विभागप्रमुख त्यांना म्हणाले होते, "बाई, जरा चार कप चहा टाका."

"मला येत नाही."

"मग शिकून घ्या."

"नाही शिकायचं."

विभागप्रमुखांनी कागदातून मान वर काढून बघितलं. समोरची बाई हसत नव्हती आणि घाबरलेलीही नव्हती. पुन्हा त्यांना कुणी चहाचं विचारलं नाही. हा किस्सा मी संस्थेत आले त्या आठवड्यातच मला तिघांनी सांगितला, आणि तिघांनीही शेवटी एकच सल्ला दिला: त्यांच्याशी जपून.

त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण हाक मारताना सगळेच सुईकाकू म्हणायचे, कारण त्या सुया करायच्या. शिवायच्या नव्हेत. टंगस्टनची, म्हणजे जुन्या दिव्यांच्या बल्बमध्ये असायची त्या धातूची, बारीक तार घ्यायची आणि तिचं टोक असं काढायचं की केसाच्या जाडीचे चार हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढं ते बारीक व्हावं. तळमजल्यावर जिन्याखाली त्यांची खोली होती. आत काळ्या दगडाचा ओटा, कोपऱ्यात बेसिन आणि भिंतीला टेकलेलं लाकडी कपाट. त्या कपाटातल्या शंभर खणांत शंभर सुया उभ्या खोचलेल्या, प्रत्येकीखाली आकडा.

काम बघायला सोपं वाटायचं. काचेच्या वाटीत कॉस्टिक सोड्याचं पाणी, त्यात धातूची एक कडी, आणि कडीच्या मधोमध तार सोडलेली. वीज सुरू केली की पाण्याच्या पातळीला तार हळूहळू खंगायला लागते. कंबर बारीक होत जाते आणि एका क्षणी खालचा तुकडा आपल्याच वजनाने तुटून पडतो. त्याच क्षणी वीज बंद झाली पाहिजे. डोळ्याची पापणी लवेपर्यंत उशीर केला, तरी टोक पुन्हा बोथट. संस्थेने वीज तोडणारं एक यंत्र आणून दिलं होतं. काकू ते वापरायच्या, पण एक कान वाटीकडे लावून. तुकडा पडायच्या आधी बुडबुड्यांचा आवाज बदलतो म्हणायच्या. मी वाटीवर कान नेऊन कितीदा ऐकलं, मला कधी काही वेगळं ऐकू आलं नाही.

हे त्या वडिलांकडे शिकल्या होत्या. वडिलांचं मुलाम्याचं दुकान होतं. नळ, बिजागऱ्या, सायकलींची हँडलं, शाळांचे बक्षिसाचे कप यांच्यावर चकचकीत मुलामा चढवायचं. काकू दहा वर्षांच्या असल्यापासून स्टुलावर उभ्या राहून टाकीत कप बुडवायच्या. वडील गेले तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, आणि दुकानातलं निम्मं काम त्यांच्या हाताखालून जात होतं. दोघा भावांनी तेराव्या-चौदाव्या दिवशी त्यांना बसवून सांगितलं, "तू आता घरात लक्ष घाल. दुकानाचं आम्ही बघू." काकू उठल्या, दुकानात गेल्या, भिंतीवरचा वीज मोजायचा काट्याचा मीटर स्क्रू काढून उतरवला आणि कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन बाहेर पडल्या. थोरल्या भावाने विचारलं, "हे काय?" त्या म्हणाल्या, "बाकीचं तुमचं."

तो मीटर नंतर त्यांच्या ओट्यावर होता. संस्थेत लागताना त्यांच्याकडे दहावीच्या दाखल्यापलीकडे काही नव्हतं. मुलाखतीला आलेले बाकीचे चौघे पदविकेवाले. सगळ्यांना एकेक तार दिली आणि टोक काढायला सांगितलं. काकूंची पहिली सुई बिघडली, दुसरी बिघडली. तिसरी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर मुलाखत घेणाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि उरलेल्यांकडून तारा परत घेतल्या.

मी त्या संस्थेत पीएचडीला लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. माझ्या प्रयोगाला सुया लागायच्या. पहिली सुई काकूंनी मुकाट्याने दिली. दुसरी मागायला गेले तर म्हणाल्या, "कशाला लागते ते सांग. समजलं तर देईन."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांनी समोर स्टूल सरकवलं.

मी सांगायला लागले. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात, पण पृष्ठभागाशी एक अदृश्य भिंत असते, तिच्यामुळे ते बाहेर पडू शकत नाहीत. प्रकाश पडला तर एखादा इलेक्ट्रॉन प्रकाशाचे तीन-चार घास एकदम गिळतो, तेवढी ताकद कमावतो आणि भिंतीवरून उडी मारून बाहेर येतो.

"हे झालं साध्या प्रकाशाचं," काकू म्हणाल्या. "तुमचा तो लाल झोत साधा नाही."

"नाही. तो फार प्रखर आहे. प्रकाश म्हणजे शेवटी लाट. ती इतकी जोरात आपटली की तिच्या ओढीने ती भिंतच वाकते, पातळ होते. मग उडी मारायची गरजच उरत नाही, इलेक्ट्रॉन भिंतीतूनच आरपार निघून येतात. लाट ओढेल तेव्हा बाहेर, लाट उलटली की बंद."

"आणि सुई कशाला? पत्रा का नाही चालत?"

"टोकावर लाटेचा जोर एकवटतो. टोक जितकं बारीक तितका जास्त."

काकूंनी खणातली एक सुई उजेडात धरली. "म्हणजे सगळा खेळ टोकाचा."

"हो."

"मग आधी का नाही बोललीस? मी तुला बरी सुई दिली होती. आता चांगली देते."

त्यानंतर दीड वर्ष मी त्यांच्या सुयांवर काम केलं. निर्वात केलेल्या पोलादी डब्यात सुई बसवायची आणि तिच्या टोकावर लेसरचे झोत सोडायचे. एकेक झोत इतका आखूड की एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे पुन्हा लाख भाग करा, त्यातला एक. असे झोत सेकंदाला आठ कोटी. बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजायचे. प्रकाश थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि आलेख काढायचा.

सुरुवातीला आलेख पुस्तकात असतो तसाच यायचा. प्रकाश दुप्पट केला की इलेक्ट्रॉन सोळापट. म्हणजे उडी मारून येणारे. मग एका जागी तो वाकायचा. प्रकाश दुप्पट केला तरी इलेक्ट्रॉन जेमतेम पाचपट. हे वळण म्हणजे उड्या थांबल्या आणि आरपार जाणं सुरू झालं, याची खूण. पण माझं वळण पुस्तकातल्यापेक्षा खूप आधी येत होतं, खूपच कमी प्रकाशात. अकरा सुया वापरल्या; दोघींवर प्रकाश तिथवर नेला नव्हता, बाकी नऊही वेळा तेच.

आमचे सर तो आलेख बघून खुर्चीवरून उठले. सर वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवते. पंधरा वर्षं ते या एकाच विषयाच्या मागे लागले होते, आणि दर वेळी दुसरं कुणीतरी दोन महिने आधी पोचायचं. त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून घेतलं आणि म्हणाले, "तुझा प्रबंध झाला. आणि माझंही काहीतरी झालं." संध्याकाळी मी घरी फोन केला. आई फोनवरच रडायला लागली, आणि बाबा शेजाऱ्यांना सांगायला गेले.

निबंध एका मोठ्या नियतकालिकाकडे गेला. महिन्याभराने उत्तर आलं: निष्कर्ष लक्षवेधी आहे, छापायची इच्छा आहे, फक्त प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर सुयांच्या टोकांची तपासणी झाली होती असं लेखी द्या, तपासणाऱ्याच्या सहीनिशी. सूक्ष्मदर्शक काकूंच्या ताब्यात होता, तेव्हा सही त्यांची. सरांनी दोन ओळींचा मजकूर टाइप केला आणि माझ्या हाती दिला. "घेऊन ये सही. पाच मिनिटांचं काम आहे."

काकूंनी हात पुसले, चष्मा लावला, वाचलं. "आधीच्या मी बघितल्या होत्या. नंतरच्या नाही. मला कुणी सांगितलंच नाही बघायला."

"काकू, नुसता नमुन्याचा मजकूर आहे तो."

"असू दे. सुया आहेत माझ्याकडे, अकराच्या अकरा. तू टाकून दिल्या होत्यास त्या मी उचलून खणात लावल्यात. बघते आणि मग सांगते. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओट्यावर अकरा छायाचित्रं मांडून ठेवली होती. आधीची वर, नंतरची खाली. वर सगळी टोकं काट्यासारखी. खाली दोन तशीच राहिलेली, आणि बाकीच्या नऊ सुया टोकाशी गोल झालेल्या, जणू प्रत्येकीने टोपी घातली होती.

"वितळल्यात," काकू म्हणाल्या. "मी यावर सही करणार नाही."

मला समजत होतं, पण समजून घ्यायचं नव्हतं. "कदाचित अगदी शेवटी वितळल्या असतील. मोजणी संपल्यावर."

"असतील. तसं लिहून दे, त्यावर तू सही कर."

सर खाली आले. त्यांनी छायाचित्रं हातात न घेता दुरूनच बघितली. "तुमच्या सुया कमजोर आहेत, बाई. याचा अर्थ एवढाच."

"कमजोर असत्या तर अकराच्या अकरा वितळून बसल्या असत्या. दोन तशाच आहेत. त्या दोघींवर हिने झोत कमी सोडला होता, वहीत लिहिलंय."

"मी तुम्हाला मत विचारलेलं नाही. सही मागतोय."

"मत मागितलं असतंत तर फुकट दिलं असतं. सही नाही देणार."

सरांच्या कपाळावरची शीर उठलेली मला आजही दिसते. ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून भांडारात बसा. सूक्ष्मदर्शकाची किल्ली कार्यालयात द्या." सुया बाहेरून तयार मागवायचं ठरलं. काकूंनी किल्ली दिली, मीटर पिशवीत घातला आणि भांडारात जाऊन हातमोज्यांच्या खोक्यांमध्ये खुर्ची टाकून बसल्या. आम्ही काही घ्यायला गेलो की त्या चोख वस्तू काढून द्यायच्या आणि पुन्हा पेपर वाचायला लागायच्या. तोंड पाडलेलं त्यांना कुणी बघितलं नाही.

मला मात्र त्यांचा भयंकर राग आला होता. उत्तर पाठवायची मुदत तीन आठवड्यांची. रविवारी सकाळी मी पत्ता विचारत विचारत त्यांच्या घरी गेले. हातापाया पडायचं, रडायचं, काय वाटेल ते करायचं, असं ठरवून.

दोन खोल्यांचं घर होतं, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत काकूंचे यजमान जमिनीवर बसून एका दवाखान्याची पाटी रंगवत होते. पाट्या रंगवणं हाच त्यांचा धंदा. आत पलंगावर काकूंच्या सासूबाई बसल्या होत्या. ऐकायला कमी यायचं, म्हणून सगळ्यांशी ओरडून बोलायच्या. मला बघून म्हणाल्या, "ही कोण? त्या तुझ्या साहेबाची मुलगी का?"

"नाही हो आई. माझ्याबरोबर काम करते."

"मग बस. साहेबाची असतीस तर उभी ठेवली असती."

काकूंनी चहा केला. आल्याचा, दाट, अगदी मापात साखर. मी एक घोट घेतला आणि त्यांच्याकडे बघत राहिले. "बघतेस काय," त्या म्हणाल्या. "घरी येतो मला."

मग मी बोलायला लागले. माझी अडीच वर्षं, आई-बाबा, शेजारी, सगळं. शेवटी म्हणाले, "तुमची एक सही, काकू. तुमचं त्यात काय जातंय?"

गॅलरीतला ब्रश थांबला. काका मान न वळवता म्हणाले, "पोरी, हिला हे नको विचारूस. मी तीस वर्षांत एकदाही जिंकलेलो नाही."

काकू हसल्या नाहीत. "मुलाम्याच्या टाकीत करंट चढवत न्यायचा, तर वडील काय करायला लावायचे माहितीये? वर नेला की परत खाली आणायला लावायचे. चढताना काटा जिथे होता, उतरतानाही तिथेच आला पाहिजे. नाही आला तर टाकीत काहीतरी बिघडलंय. तू प्रकाश चढवत नेलास आणि मोजलंस. उतरताना मोजलंस का?"

उतरताना मोजायचं मला सुचलंच नव्हतं. वर पोचले की आलेख झाला, यंत्र बंद.

"टोक बसलं की जोर कमी होणार," काकू म्हणाल्या. "तूच शिकवलंस मला. जोर कमी झाला की इलेक्ट्रॉन कमी. म्हणजे तुझं वळण भिंतीमुळे नसेल, माझी सुई वितळल्यामुळे असेल. मला आकड्यांतलं कळत नाही. पण एकदा उतरून बघ. चुकले असेन तर मी सही करते, आणि तुझ्या सरांना चहाही करून देते."

सासूबाईंना कितपत ऐकू गेलं कोण जाणे. त्या मोठ्याने म्हणाल्या, "सूनबाई, हिला अजून एक कप दे. चेहरा बघ केवढा झालाय."

सोमवारी मी बाहेरून आलेली कोरी सुई डब्यात बसवली. प्रकाश चढवला. वळण आलं, अगदी नेहमीच्या जागी. मग एकेक पायरी खाली आणायला लागले. पहिल्या पायरीला आकडा चढतानाच्यापेक्षा थोडा कमी वाटला. दुसऱ्या पायरीला निम्मा. तळाशी आले तेव्हा चढतानाच्या आकड्याचा विसावा भागसुद्धा उरला नव्हता. मी दुसरी सुई लावली. तिसरी लावली. तिसऱ्या वेळी खाली येताना मी आकडे लिहीतही नव्हते, नुसती बघत होते. नवीन काहीही सापडलेलं नव्हतं. दीड वर्ष मी सुया वितळवत होते आणि त्याचा आलेख काढत होते.

मी कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "ही बाहेरची सुई आहे. आपला निबंध काकूंच्या सुयांवर आहे. त्यांच्याबद्दल हे सिद्ध होत नाही."

"सर, तुम्हाला माहितीये."

"मला इतकंच माहितीये की शुक्रवारी मुदत संपते."

"लेखक म्हणून माझीही सही लागेल त्या उत्तरावर. मी करणार नाही."

हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले ते मला सांगता येणार नाही. जन्मात मी कधी मोठ्यांना उलट बोलले नव्हते. सर म्हणाले, "तुझं पुढे काय होईल याचा विचार केलायस?" मी म्हणाले, "केलाय." केलेला नव्हता. शुक्रवारी निबंध मागे घेतला गेला, आणि सरांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

पण काकूंवरचं प्रकरण तिथे मिटलं नाही. वरिष्ठांचा आदेश मोडल्याबद्दल त्यांना संचालकांपुढे बोलावणं आलं. मलाही साक्षीला बोलावलं होतं. लांब टेबल, एका बाजूला संचालक आणि प्रशासन अधिकारी, कडेला सर. काकू धुतलेली, इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. हातात छायाचित्रांचा लिफाफा.

संचालकांनी विचारलं, "तुम्ही आदेश मोडलात, हे खरं?"

"खरं."

"तुम्ही बरोबर होतात असं आता दिसतंय. तरीही आदेश मोडायचा नसतो. तुम्ही नियमाने तक्रार करायला हवी होती."

"तक्रार माझी नव्हती साहेब. सही मागायला ते आले होते. मी माझ्या ओट्याशीच उभी होते."

प्रशासन अधिकाऱ्यांना हसू आवरेना, त्यांनी खोकल्यासारखं केलं. संचालक म्हणाले, "तुम्ही दिलगिरीचं एक वाक्य लिहून दिलंत तर विषय इथेच संपेल."

"दिलगिरी कशाची?"

"बोलण्याच्या पद्धतीची, समजा."

"पद्धत माझी पहिल्यापासून हीच आहे. बावीस वर्षं चालली."

शेवटी त्यांना ओट्यावर परत पाठवायचं ठरलं, पण नोकरीच्या कागदपत्रांत ताकीद लागली. ताकीदपत्रावर 'वाचले' असं लिहून सही करायची असते. काकूंनी लिहिलं, 'वाचले. मान्य नाही.' आणि खाली झोकदार सही केली. मी त्यांची सही पहिल्यांदाच बघत होते. काकांनी शिकवलेलं वळण असावं, पाटीवरच्या अक्षरासारखं.

पुढचे आठ महिने मी आणि काकूंनी नव्याने काम केलं. सरांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. झोत सेकंदाला आठ कोटी पडत होते, म्हणून टोकाला निवायला उसंत मिळत नव्हती. मी यंत्रात बदल करून दर ऐंशी झोतांतला एकच जाऊ द्यायला लागले. तरी सुया बसायच्या, फक्त उशिरा. एक दिवस काकू म्हणाल्या, "तुम्हा लोकांना टोक बारीक हवं म्हणून मी मागचा सगळा भागच सडपातळ करते. उष्णता जाणार कुठे? टोक तेवढंच बारीक ठेवू, पण मागे अंग भरू दे. गाजरासारखं नको, भोवऱ्यासारखं करू."

तशी सुई काढायला त्यांना सात आठवडे लागले. सोड्याचं प्रमाण बदलून बघितलं, कडी वर-खाली केली, तार कमी बुडवली. एकशे चाळीसच्या वर तारा फुकट गेल्या. भांडारवाला कुरकुरायला लागला तर त्याला म्हणाल्या, "तू मोजत बस, मी करत बसते." शेवटी एक सुई जमली. मग तिच्यासारखी दुसरी. ती मी डब्यात बसवली, प्रकाश चढवला, उतरवला. दोन्ही वेळचे ठिपके एकमेकांवर असे बसले की कागदावर एकच रेघ दिसत होती. वळण होतं. पण पुस्तकात सांगितलं होतं तिथेच होतं. त्यात नवल काहीच नव्हतं.

नवल पुढे होतं. सुई आता टिकत होती, म्हणून आजवर न जमलेली गोष्ट करता येणार होती. इतक्या आखूड झोतात प्रकाशाच्या जेमतेम दोन-तीन लाटा मावतात. सगळ्यात उंच लाटेचा माथा झोताच्या मधोमध ठेवायचा की जरा बाजूला, हे ठरवता येतं. प्रकाश तेवढाच, फक्त आतली लाट सरकवायची. इलेक्ट्रॉन खरोखर लाटेच्या ओढीने बाहेर येत असतील, तर लाट सरकवताच त्यांची संख्या बदलायला हवी.

एका गुरुवारी दुपारी मी काकूंना वर बोलावलं. त्या दारातच उभ्या राहिल्या, हातातून सोड्याचा वास येत होता. मी लाट हळूहळू सरकवायला लागले. पडद्यावरची रेघ खाली गेली. थोडं पुढे सरकवलं, वर आली. पुन्हा खाली, पुन्हा वर. एकसारखी, श्वास घेतल्यासारखी. मी उलट्या दिशेने नेलं, तर त्याच वाटेने परत आली.

"हे आपल्या सुईचं?" काकूंनी विचारलं.

"हो."

त्या खुर्ची ओढून बसल्या आणि वीस मिनिटं ती रेघ बघत राहिल्या. मध्येच पाठीमागे कुणीतरी आल्याचं जाणवलं. सर होते. त्यांनी बघितलं, पुढे वाकून उतरतानाचे आकडे तपासले, एक सुई बदलून पुन्हा करायला सांगितलं. केलं. रेघ तशीच. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि काकूंना म्हणाले, "मी तुम्हाला भांडारात बसवलं होतं."

"हो. पेपर चांगला वाचून व्हायचा तिथे."

त्या दिवसापासून ते खाली काकूंच्या खोलीत गेले तर दार वाजवून जायचे.

निबंध लिहून झाला तेव्हा सरांनी शेवटी आभाराचा परिच्छेद टाकला: सुया बनवल्याबद्दल आभार. मी तो काकूंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "हे काढून टाक."

"का?"

"आभार कशाचे? मी काही मेहेरबानी केलेली नाही. रस्त्यात कुणाचं ओझं उचलून दिलं तर आभार मानतात. हे काम आहे. काम ज्यांनी केलं त्यांची नावं वर लिहिता ना तुम्ही? मग माझं तिथे लिही. नाहीतर कुठेच नको."

सर म्हणाले, अशी पद्धत नाही. तंत्रज्ञ आभारातच असतात. मी म्हणाले, मग माझंही नाव आभारात टाका. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला वाटलं आता पुन्हा बोलणं बंद. पण ते म्हणाले, "तुम्हा दोघींचं मी काय करू," आणि स्वतःच्या हाताने तिसऱ्या जागी काकूंचं नाव लिहिलं. छापून आलं तेव्हा आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. काकूंनी मला बसवून नियतकालिकाला पत्र लिहायला लावलं. पुढच्या अंकात दुरुस्ती आली. ती दुरुस्ती काकांनी मोठ्या सुबक अक्षरात पाटीवर रंगवली आणि सासूबाईंना दिसेल अशी पलंगासमोर लावली. निबंधाचं नाव नव्हे, आकृती नव्हे. नुसती दुरुस्ती.

मला पीएचडी मिळाली, ठरल्यापेक्षा दोन वर्षं उशिरा. आज मी दुसरीकडे शिकवते. काकू त्यानंतर चार वर्षांनी निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी घेतलेल्या दोघांना सहा महिन्यांत भोवऱ्यासारखी एकही सुई जमली नाही. तेव्हा संस्थेने काकूंना पत्र पाठवलं: आठवड्यातून तीन दिवस या, 'मदतनीस' म्हणून. काकूंनी ज्या शिपायाने पत्र आणलं होतं त्याच्याच हाती ते परत दिलं.

कार्यालयातून फोन आला. "काकू, काय हरकत आहे?"

"मी कुणाची मदतनीस नाही. मी सुया करते."

"पण सुया करणारी असं पदच नाही हो आमच्याकडे."

"मग निर्माण करा. मला घाई नाही."

त्यांनी फोन ठेवला आणि गॅलरीत काकांना पाटीची दुसरी बाजू धरून द्यायला गेल्या. चार महिने ना त्यांनी फोन केला, ना कुणाकरवी विचारलं. मधल्या काळात त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा मीच काळजीने म्हणाले, "काकू, ते दुसरं कुणी बघतील." त्या म्हणाल्या, "बघू देत. मिळालं तर चांगलंच आहे, शिकलेला माणूस वाढला."

पाचव्या महिन्यात नवीन पत्र आलं. पदाचं नाव हाताने लिहिलं होतं: 'सूक्ष्माग्र कारागीर'. काकूंनी ते दोनदा वाचलं, सासूबाईंना ओरडून वाचून दाखवलं, आणि मग काकांना विचारलं, "अहो, सूक्ष्माग्र शब्द बरोबर आहे का?"

काका म्हणाले, "शब्द बरोबर आहे. अक्षर मात्र वाईट काढलंय."

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार त्या साडेनऊच्या बसने जातात.